‘पूर्ण रूप लिहा’

संगणक विषयाच्या शालेय प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न बहुधा सापडतोच : ‘खालील संक्षेपांची पूर्ण रूपे लिहा.’ शिक्षकांच्या दृष्टीने हा प्रश्न सोयीचा आहे. काढायला सोपा, तपासायला त्याहून सोपा, आणि गुणांवरून वाद नाही. मुलांनाही तो आवडतो, कारण आदल्या रात्री वीस-पंचवीस पूर्ण रूपे घोकली की काम भागते.

पण या प्रश्नातून आपण नेमके काय तपासतो? पूर्ण रूप ठाऊक असणे म्हणजे ती गोष्ट समजणे, असे आपण धरून चालतो. प्रोग्रॅम लिहिताना वापरल्या जाणाऱ्या काही संक्षेपांचा इतिहास पाहिला तर हे गृहीतक टिकत नाही. काही पूर्ण रूपे अगदी खरी आहेत, पण ती वाचून काहीच उलगडत नाही. काही साफ बनावट आहेत, कोणीतरी मागाहून जुळवलेली. काही नावांना तर पूर्ण रूपच नाही. मात्र यांतल्या बहुतेक संक्षेपांमागे एखादे जुने यंत्र आणि त्या यंत्राची एखादी अडचण उभी आहे. ती अडचण कळली की संक्षेप आपोआप कळतो.

पत्राचा मायना

संक्षेप आपल्याला नवे नाहीत. ‘सा. न. वि. वि.’ हा पत्राचा मायना आपण सर्वांनी शाळेत लिहिला आहे. साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. ज्याला रोज डझनभर पत्रे लिहायची आहेत त्याने तेच ते शब्द पुन्हापुन्हा का लिहावेत? त्याने आद्याक्षरांवर भागवले. वाचणाऱ्यालाही अडचण आली नाही, कारण दोघांना ते शब्द तोंडपाठ होते. पुढे पत्रे लिहिणे कमी झाले, ते शब्द बोलण्यातून गेले, पण अक्षरे उरली. आज ‘वि. वि.’ लिहिणाऱ्या मुलाला ‘विनंती विशेष’ म्हणजे काय, असे विचारून पाहा.

संगणकाच्या जगातही असेच झाले. फरक एवढाच की तिथे शब्द वाचवायला लावणारे कारण यंत्रात होते. म्हणून आधी एका यंत्राची ओळख करून घेऊ.

छत्तीस खणांची पेटी

आयबीएम या अमेरिकी कंपनीने १९५४ साली ‘७०४’ नावाचा संगणक जाहीर केला. तो खोलीभर पसरलेला होता आणि निर्वात नळ्यांवर चालायचा. त्याची स्मृती छोट्याछोट्या पेट्यांत विभागलेली होती. प्रत्येक पेटीत ३६ खण आणि प्रत्येक खणात ० किंवा १. अशा एका खणाला बिट म्हणतात.

एक अक्षर साठवायला या यंत्रात ६ बिट लागत. ६ बिटांतून ६४ वेगवेगळ्या खुणा तयार होतात. मोठ्या लिपीतली २६ इंग्रजी अक्षरे, १० अंक आणि थोडी चिन्हे एवढ्यांना त्या पुरेशा होत्या. छोट्या लिपीची चैन परवडणारी नव्हती. आता ३६ ला ६ ने भागा. एका पेटीत बरोबर सहा अक्षरे बसतात.

याच यंत्रासाठी जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली ‘फोरट्रान’ ही भाषा पूर्ण केली. ‘फॉर्म्युला ट्रान्स्लेशन’, म्हणजे सूत्रांचे भाषांतर, यातून हे नाव बनले. शास्त्रज्ञाने बीजगणितासारखे सूत्र लिहावे आणि यंत्राने ते स्वतःच्या आकड्यांत उतरवून घ्यावे, अशी ती कल्पना. या भाषेत राशीला नाव देता येई, पण नियम होता की नाव सहा अक्षरांपेक्षा मोठे नको. सहा अक्षरांचे नाव एका पेटीत मावते. सातवे अक्षर आले की दुसरी पेटी लागते, आणि प्रत्येक तुलनेला दुप्पट काम.

यंत्रे बदलली तरी ही सवय उरली. ‘सी’ या भाषेत अक्षरमालेची नक्कल करणाऱ्या आज्ञेचे नाव आहे एस-टी-आर-सी-पी-वाय. लांबी मोजणारी आज्ञा एस-टी-आर-एल-ई-एन, तुलना करणारी एस-टी-आर-सी-एम-पी. अक्षरे मोजून पाहा, प्रत्येकात सहाच भरतील. या भाषेचे पहिले अधिकृत प्रमाणक १९८९ साली ठरले. तेव्हाही, प्रोग्रॅमच्या वेगवेगळ्या तुकड्यांना जोडणाऱ्या नावांतली फक्त पहिली सहा अक्षरे ओळखली जातील, एवढीच हमी त्यात दिली गेली. कारण जुन्या यंत्रांवरची जोडणीची साधने तेवढीच अक्षरे पाहत. नवशिक्या विद्यार्थ्याला वाटते, ही नावे मुद्दाम अवघड केली आहेत. खरे तर ती जुन्या कपड्यासारखी आहेत. ज्याच्या मापाने शिवली तो आता घरात नाही.

गणिताच्या शिक्षकांना फोरट्रानमधली आणखी एक गोष्ट आवडेल. या भाषेत ज्या राशीचे नाव आय, जे, के, एल, एम किंवा एन या अक्षराने सुरू होई ती राशी पूर्णांक मानली जात असे. आपण फळ्यावर पदांचे क्रमांक लिहिताना हीच अक्षरे वापरतो : आय वे पद, एन वे पद. गणितातली ती रूढी फोरट्रानने उचलली. आजही प्रोग्रॅममध्ये एखादी क्रिया दहा वेळा करायची असली की मोजणाऱ्या राशीला बहुतेक जण ‘आय’ हेच नाव देतात.

कार आणि कुडर

आता त्याच पेटीचा दुसरा उपयोग पाहू. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली ‘लिस्प’ या भाषेचे काम सुरू केले. तिचे नाव ‘लिस्ट प्रोसेसिंग’ यावरून आले. या भाषेत सगळा कारभार याद्यांचा असतो. यादीतली पहिली वस्तू काढून देणाऱ्या आज्ञेचे नाव ‘कार’, आणि पहिली सोडून उरलेली यादी देणाऱ्या आज्ञेचे नाव सी-डी-आर. तिचा उच्चार करतात ‘कुडर’.

पूर्ण रूपे पाहू. ‘कार’ म्हणजे ‘कंटेंट्स ऑफ द ॲड्रेस पार्ट ऑफ रजिस्टर’, पेटीच्या पत्ता-भागातील मजकूर. ‘कुडर’ म्हणजे ‘कंटेंट्स ऑफ द डिक्रिमेंट पार्ट ऑफ रजिस्टर’, पेटीच्या वजावट-भागातील मजकूर. ही पूर्ण रूपे शंभर टक्के खरी आहेत. पण यातून ‘यादीतली पहिली वस्तू’ हा अर्थ कोणाला लागेल?

तो लागण्यासाठी पुन्हा ३६ खणांकडे जावे लागते. ७०४ या यंत्रात एका पेटीचे चार भाग पाडलेले होते. ३ बिट, १५ बिट, ३ बिट आणि १५ बिट. यांतल्या एका १५ बिटांच्या भागाला ‘पत्ता’ म्हणत, कारण आज्ञा ज्या पेटीवर काम करणार तिचा क्रमांक तिथे असे. दुसऱ्याला ‘वजावट’ म्हणत, कारण काही आज्ञांमध्ये मोजणीतून वजा करायची संख्या तिथे ठेवत. १५ बिटांत ३२,७६८ पेट्यांपैकी कोणत्याही पेटीचा क्रमांक मावतो. म्हणजे एकाच पेटीत दोन क्रमांक ठेवायची सोय झाली. एक क्रमांक वस्तू कुठे आहे ते सांगणारा, दुसरा यादीची पुढची पेटी कुठे आहे ते सांगणारा. मॅकार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सोयीचा फायदा घेतला. पत्ता-भागातून वस्तू मिळते, वजावट-भागातून पुढची यादी मिळते.

ही कल्पना वर्गात करून दाखवता येते. दहा-बारा चिठ्ठ्या घ्या आणि त्यांना क्रमांक द्या. प्रत्येक चिठ्ठीच्या वरच्या भागात एका फळाचे नाव लिहा आणि खालच्या भागात पुढच्या चिठ्ठीचा क्रमांक. शेवटच्या चिठ्ठीच्या खालच्या भागात शून्य. चिठ्ठ्या वर्गभर कशाही वाटून टाका. आता फक्त पहिल्या चिठ्ठीचा क्रमांक सांगा आणि एका मुलाला पूर्ण यादी वाचायला लावा. तो एकेका चिठ्ठीवरून पुढच्या चिठ्ठीकडे जाईल. मग यादीच्या मध्येच एक नवे फळ घालायला सांगा. बाकीच्या चिठ्ठ्यांना हातही न लावता, एक चिठ्ठी नवी लिहून आणि एका चिठ्ठीवरचा क्रमांक खोडून ते जमते, हे मुलांच्या लक्षात येईल. लिस्पमधल्या यादीचे मर्म एवढेच आहे. ते कळायला पूर्ण रूपाची गरज पडली नाही.

या नावांची पुढची हकिगत आपल्यासारख्या शिकवणाऱ्यांना विचार करायला लावणारी आहे. लिस्प पहिल्यांदा यंत्रावर चालवणारे स्टीव्ह रसेल यांनी ती सांगितली आहे. नावे ठेवताना दुसरे काही सुचले नाही, म्हणून यंत्राच्या भागांची नावेच वापरली. काही महिने गेले, लिस्पचे थोडे वर्ग घेऊन झाले, तेव्हा ध्यानात आले की ‘पहिला’ आणि ‘बाकीचे’ अशी सरळ नावे हवी होती. त्यांनी ती रुजवण्याचा प्रयत्नही केला. पण तोवर लोकांच्या बोटांना जुनी नावे बसली होती. अवघ्या काही महिन्यांचा उशीर, आणि नावे कायमची चिकटली.

जुन्या नावांचा एक फायदाही निघाला. सी आणि आर या दोन अक्षरांमध्ये ए आणि डी हवे तसे ओवता येतात. सी-ए-डी-आर म्हणजे ‘बाकीच्यांतला पहिला’, अर्थात यादीतला दुसरा. सी-ए-डी-डी-आर म्हणजे तिसरा. एमआयटीमध्ये १९७० च्या दशकात लिस्पसाठी खास यंत्रे बांधली गेली. त्यांतल्या दुसऱ्या यंत्राचे नाव हेच ठेवले होते : सी-ए-डी-आर, दुसरा! ७०४ हे यंत्र कधीच कालबाह्य झाले, त्याच्या पेटीतला ‘वजावट’ भागही त्याच्याबरोबर गेला. लिस्पच्या नव्या पिढ्यांत ‘पहिला’ आणि ‘बाकीचे’ अशा अर्थाच्या आज्ञाही आल्या. तरी त्या भाषेतल्या लाखो ओळींमध्ये त्या भागाचे नाव अजून राबते आहे.

कागदावर छापणारे यंत्र

काही संक्षेप संगणकाच्या पोटातून आले, तर काही त्याच्यापुढे बसलेल्या माणसाच्या बोटांतून. १९६९ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी एक कार्यप्रणाली तयार करायला घेतली. त्याआधी ही प्रयोगशाळा ‘मल्टिक्स’ नावाच्या एका मोठ्या प्रकल्पात सहभागी होती आणि त्यातून बाहेर पडली होती. ‘मल्टी’ म्हणजे अनेक, म्हणून या लहानशा प्रणालीला थट्टेने ‘युनि’, म्हणजे एक, लावून ‘युनिक्स’ म्हटले गेले. हे नाव मोठ्या लिपीतल्या अक्षरांत छापलेले पाहून अनेकांना तो संक्षेप वाटतो. तो संक्षेप नाही, ती कोटी आहे.

युनिक्सच्या आज्ञा अतिशय तोकड्या आहेत. यादीसाठी एल-एस, नकलेसाठी सी-पी, हलवण्यासाठी एम-व्ही, काढून टाकण्यासाठी आर-एम. याचे कारण समजण्यासाठी डोळ्यांपुढचा पडदा काढून टाका. त्या काळी बहुतेकांपुढे पडदा नव्हताच. तारयंत्रासारखे एक यंत्र असे, टेलिटाइप. कळ दाबली की कागदाच्या गुंडाळीवर अक्षर उमटे, आणि संगणकाचे उत्तरही त्याच कागदावर येई. ‘मॉडेल ३३’ या प्रचलित यंत्राचा वेग होता सेकंदाला १० अक्षरे. कळाही जड होत्या. दिवसातून शंभर वेळा द्यायच्या आज्ञेतली दोन अक्षरे वाचवणे ही बोटांवरची दया होती.

त्या यंत्राच्या खुणा आजच्या संगणकातही सापडतात. युनिक्सच्या परंपरेतल्या प्रणालींमध्ये टर्मिनलला टी-टी-वाय म्हणतात, तो ‘टेलिटाइप’चा संक्षेप. टेलिटाइपवर नवी ओळ सुरू करायची तर दोन क्रिया लागत. छापणारा भाग डावीकडे परत आणायचा आणि कागद एक ओळ वर सरकवायचा. म्हणून दोन वेगळ्या खुणा होत्या : सी-आर आणि एल-एफ. युनिक्सने त्यांतली एकच ठेवली, विंडोजच्या मजकूर-फायलींत दोन्ही राहिल्या. एका प्रणालीतला मजकूर दुसरीकडे नेल्यावर कधीकधी सगळ्या ओळी एकमेकींना चिकटतात, त्याचे मूळ या कागदाच्या गुंडाळीत आहे. आणि पडद्यावर काही दाखवायचे असले तरी अनेक भाषांमध्ये ‘प्रिंट’, म्हणजे ‘छाप’, अशीच आज्ञा द्यावी लागते. तेव्हा ते खरोखर छापले जात असे.

याच ‘प्रिंट’वरून ‘ग्रेप’ या प्रसिद्ध आज्ञेकडे जाता येते. ही आज्ञा मजकुरात हवा तो शब्द असलेल्या ओळी शोधून देते. तिचे नाव आले युनिक्सच्या मजकूर-संपादकातून. त्यात ‘सगळीकडे शोध, अमुक नमुना, आणि त्या ओळी छाप’ असे सांगायचे तर जी, तिरकी रेघ, नमुना, तिरकी रेघ, पी असे लिहावे लागे. नमुन्याला तांत्रिक भाषेत ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ म्हणतात, त्याची अक्षरे आर-ई. जी, आर-ई, पी जोडले की ग्रेप.

बेल प्रयोगशाळेतले ब्रायन कर्निगन यांनी तिच्या जन्माची हकिगत सांगितली आहे. त्यांचे सहकारी ली मॅकमहन यांना ‘फेडरलिस्ट पेपर्स’ या १७८७-८८ मधील ८५ निबंधांचा अभ्यास करायचा होता. हे निबंध हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे या तिघांनी एकाच टोपणनावाने लिहिलेले. कोणता निबंध कोणाचा, हे शब्दांच्या वापरावरून ठरवायचे होते. पण एवढा मजकूर संपादकाच्या स्मृतीत मावेना. तेव्हा थॉम्प्सन यांनी संपादकातला शोधण्याचा भाग वेगळा काढून त्याची स्वतंत्र आज्ञा बनवली. आज ‘ग्रेप’ हा शब्द ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशात आहे.

बचत कधीकधी अंगाशीही येते. युनिक्समध्ये नवी फाइल तयार करणाऱ्या मूळ आज्ञेचे नाव ‘क्रिएट’ असायला हवे, पण तिच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटचा ‘ई’ नाही. युनिक्स पुन्हा लिहायची संधी मिळाली तर काय बदलाल, असे थॉम्प्सन यांना विचारले गेले. त्या आज्ञेत तो ‘ई’ घालेन, असे त्यांचे उत्तर होते. आज्ञा मात्र आजही तशीच आहे.

नाव आधी, पूर्ण रूप मागाहून

आता बनावट पूर्ण रूपांकडे वळू. दूरचा संगणक जाळ्यावर हजर आहे की नाही हे पाहणाऱ्या प्रोग्रॅमला ‘पिंग’ म्हणतात. ‘पॅकेट इंटरनेट ग्रोपर’ असे त्याचे पूर्ण रूप अनेक पुस्तकांत छापलेले आढळते. हा प्रोग्रॅम माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला, आणि नावाचा खुलासा त्यांनी स्वतःच करून ठेवला आहे. पाणबुड्यांचा शोध घेणारे सोनार यंत्र ध्वनी सोडते आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकते. त्या ध्वनीवरून हे नाव घेतले. प्रोग्रॅमही तेच करतो. एक छोटा संदेश पाठवतो आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजतो. ते लांबलचक पूर्ण रूप डेव्हिड मिल्स यांनी नंतर जुळवले.

इथे गंमत बघा. सोनार माहीत असलेल्या मुलाला पिंग म्हणजे काय ते एका वाक्यात कळते. पूर्ण रूप पाठ करणाऱ्याला गुण मिळतात, पण प्रतिध्वनीची कल्पना त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

असाच प्रकार खुद्द ‘कॉम्प्युटर’ या शब्दाचा. त्यातल्या प्रत्येक अक्षराला एकेक इंग्रजी शब्द चिकटवून ‘कॉमनली ऑपरेटेड मशीन’ अशी सुरुवात असलेले भलेमोठे पूर्ण रूप आपल्याकडे मुलांना पाठ करायला लावले जाते. हा शब्द संक्षेप नाहीच. तो ‘गणना करणे’ या क्रियापदापासून बनला आहे. सतराव्या शतकापासून तो इंग्रजीत गणना करणाऱ्या माणसासाठी वापरला जात होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हार्वर्ड वेधशाळेत ताऱ्यांच्या नोंदी तपासणाऱ्या आणि आकडेमोड करणाऱ्या स्त्रियांना ‘कॉम्प्युटर’ म्हणत. पुढे त्यांचे काम यंत्राकडे गेले आणि नावही. बनावट पूर्ण रूप शिकवताना आपण फक्त एक चूक शिकवत नाही, तर त्या माणसांचा इतिहासही पुसतो.

दोन अंकांची बचत

संक्षेप करताना जे गाळले जाते ते सर्वांच्या लक्षात आहे, अशी आपली समजूत असते. ती चुकली तर काय होते याचे मोठे उदाहरण म्हणजे ‘वाय-टू-के’. वाय म्हणजे वर्ष, के म्हणजे हजार, म्हणून सन २०००. जुन्या काळी माहिती ८० रकान्यांच्या छिद्रपत्रांवर नोंदवली जाई. नाव, पत्ता, रक्कम, तारीख हे सगळे ८० खुणांत बसवायचे. साहजिकच १९६५ ऐवजी ६५ लिहून दोन रकाने वाचवले. पुढे छिद्रपत्रे गेली, स्मृती स्वस्त झाली, पण प्रोग्रॅम तेच राहिले. १९९९ नंतरचे ‘००’ हे वर्ष १९०० समजले जाण्याची भीती उभी राहिली. व्याज, निवृत्तिवेतन, विमा अशा सगळ्या हिशोबांत वर्षांची वजाबाकी असते. २००० मधून १९६५ वजा केले तर ३५ येतात, पण ०० मधून ६५ वजा केले तर उणे ६५.

यासाठी जगभर अब्जावधी डॉलर खर्च झाले. ओळन् ओळ तपासून प्रोग्रॅम दुरुस्त करण्याच्या या कामाचा मोठा भाग भारतीय कंपन्यांनी केला, आणि या देशातल्या कित्येक तरुण अभियंत्यांना त्यातून पहिला अनुभव मिळाला. दुरुस्ती वेळेवर झाल्यामुळे १ जानेवारी २००० हा दिवस मोठ्या गोंधळाशिवाय पार पडला.

प्रश्न थोडा बदलला तर?

‘पूर्ण रूप लिहा’ हा प्रश्न काढून टाका, असे आमचे म्हणणे नाही. काही पूर्ण रूपे उपयोगी असतात. पण एखादा संक्षेप शिकवताना त्याच्याबरोबर तीन प्रश्न विचारता येतील. इथे कोण, काय वाचवत होते : जागा, वेळ, की बोटांचे श्रम? ती अडचण आज उरली आहे का? आणि नाव आधी आले की पूर्ण रूप?

तिसऱ्या प्रश्नासाठी एक साधी खूण सांगता येते. पूर्ण रूपातले शब्द ओढूनताणून बसवलेले वाटले आणि संक्षेप मात्र सहज बोलता येणारा शब्द असला, तर शंका घ्यावी. ही खूण दर वेळी खरी ठरेलच असे नाही. ‘बेसिक’ या १९६४ सालच्या भाषेचे नाव सहज बोलता येते, आणि तरी त्याचे लांबलचक पूर्ण रूप तिच्या कर्त्यांनीच दिलेले आहे. म्हणून खुणेवर न थांबता, नाव देणाऱ्याने स्वतः काय सांगितले आहे ते शोधण्याची सवय मुलांना लावावी.

सुरुवात घरापासूनही करता येईल. घरातली जुनी पत्रे, सात-बाराचा उतारा, औषधाची चिठ्ठी, रेल्वेचे तिकीट यांवरचे संक्षेप मुलांना जमवायला सांगा आणि हेच तीन प्रश्न त्यांना लावा. आजी-आजोबांना विचारल्याशिवाय त्यांतले काही सुटणार नाहीत. जे सुटणार नाहीत ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, आणि जो उत्तर आणेल त्याने ते कोणाकडून कळले तेही सांगायचे, एवढी एकच अट घाला.